नर्सिंगच्या मुलांचं रिसर्च कपाटात पडून राहू नये म्हणून काय करायचं? एका ट्यूटर मॅडमना सविस्तर उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न इथे थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका बी.एस्सी. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहात, शेवटच्या वर्षाचे ग्रुप प्रोजेक्ट दरवर्षी होतात, व्हायवा झाला की बाइंडिंग लायब्ररीच्या कपाटात जातं आणि विषय तिथेच संपतो. आता वरून सांगितलंय की पब्लिकेशन वाढवा. मुलं विचारतात "याचे मार्क आहेत का मॅडम?", इंग्रजीला घाबरतात, आणि तेवढ्यात मोबाईलवर "तीन दिवसात पेपर छापून देतो" असे मेसेज येतात. तर मुलांना तयार कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी वॉर्डात होते, मग बरीच वर्षं नर्सिंग कॉलेजात रिसर्च शिकवतेय, त्यामुळे जे स्वतः करते तेच सांगते.

माझ्या मते सत्कार, सर्टिफिकेट, प्रोत्साहनपर लेक्चर हे सगळं नंतरचं. आधी हे बघा की मुलांच्या हातात दुसऱ्या कोणी वाचावं असं काही आहे का. बहुतेक वेळा नसतं, आणि त्यात मुलांची चूक नसते. विषय गाईडने दिलेला असतो, टूल, म्हणजे प्रश्नावली वगैरे, मागच्या बॅचचं थोडं बदलून घेतलेलं असतं, डेटा दोन दिवसात गोळा झालेला असतो. ते काम परीक्षेसाठी केलेलं असतं आणि मुलांना ते मनातून माहीत असतं. मग वर्षाच्या शेवटी आपण म्हणतो आता हे छापा, तर त्यांना उत्साह कुठून येणार? म्हणून छापायचा विचार विषय निवडतानाच सुरू झाला पाहिजे. बाइंडिंग झाल्यावर सुरू केला तर नव्वद टक्के वेळा उशीर झालेला असतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. तुमच्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे की मुलं सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगला जातात, एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) जवळ आहे का, एका गाईडकडे किती ग्रुप आहेत, यावर खूप ठरतं. एम.एस्सी.च्या मुलीकडे स्वतःचा डेझर्टेशन असतो, वेळ असतो, तिच्याकडून पूर्ण ओरिजिनल पेपरची अपेक्षा ठेवता येते. बी.एस्सी.च्या सहा जणांच्या ग्रुपकडून तशी ठेवू नये. त्यांच्यासाठी केस रिपोर्ट, छोटा ऑडिट, संपादकाला पत्र, कॉन्फरन्सला पोस्टर, एवढंही भरपूर आहे. आणि सगळ्याच ग्रुपनी छापलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. एका बॅचमधून एक चांगला पेपर निघाला तरी पुढच्या बॅचला तो पुरतो, ज्युनिअर मुली सिनिअर मुलीचं नाव छापलेलं बघतात आणि तुमचं अर्धं काम तिथेच होतं.

विषयाबद्दल जरा जास्त बोलते, कारण सगळं तिथेच अडकतं. आपल्याकडचे निम्म्याहून जास्त प्रोजेक्ट एकाच साच्यातले असतात: अमुक विषयावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा (एसटीपी, म्हणजे आखून घेतलेला शिकवण्याचा कार्यक्रम) अमुक गटाच्या नॉलेजवर परिणाम, साठ सॅम्पल, आधी प्री-टेस्ट, मग एसटीपी, सात दिवसांनी तीच प्रश्नावली परत. कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी न शिकवलेला गट, नाही. शिकवल्यावर मार्क वाढतातच, पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली येते, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं मानतात, सगळे खूश. पण संपादकाने असे ढिगाने पाहिलेले असतात आणि त्यातून नवीन काहीच कळत नाही, त्यामुळे परत येतात. शिकण्यासाठी हा डिझाईन वाईट नाही, मुलांना टूल, पायलट, रिलायबिलिटी सगळं कळतं. छापायला मात्र तो कमजोर आहे हे गाईडने आधीच सांगायला हवं.

मी काय करते, तर विषय ठरवायच्या आधी मुलांना सांगते की पोस्टिंगला असताना एक वही ठेवा आणि जे खटकतं ते रोज एका ओळीत लिहा. काय काय येतं बघा. आयव्ही लाइनची (सलाइनची) जागा लाल झालेली होती आणि कॅन्युला (शिरेतली नळी) कधी घातला त्याची तारीखच लिहिलेली नव्हती. इनटेक-आऊटपुट चार्ट रात्रपाळीत एकदम भरला. सिझेरियन झालेल्या आईकडे बाळ तासाभरात दूध पाजायला येत नाही. हँडओव्हरमध्ये ॲलर्जी सांगितली जात नाही. पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना भरायचा तक्ता, डिलिव्हरी झाल्यावर भरला जातो. एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं, करायला सांगतात, पण प्रत्यक्षात किती तास होते ते कोणी मोजत नाही. ही मुलं वॉर्डात आठ-आठ तास उभी असतात, डॉक्टरांना आणि प्राध्यापकांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं, आणि खरा पेपर याच ओळींतून निघतो.

उदाहरण घ्या. फ्लेबायटिस, म्हणजे कॅन्युलामुळे शिरेला येणारी सूज, मोजायला व्हीआयपी स्कोर आहे, शून्य ते पाच, सगळ्यांना शिकवलेला असतो. एका वॉर्डातले शंभर कॅन्युला बघायचे, कुठल्या शिरेत, किती तासांचा, ड्रेसिंग कसलं, तारीख लिहिली का, स्कोर किती. बास. इथे एसटीपी नाही, अवघड स्टॅटिस्टिक्स नाही, टक्केवारी आणि दोन गोष्टींचा संबंध आहे का हे बघणारी एखादी काय-स्क्वेअर टेस्ट. पण हे त्या हॉस्पिटलचं खरं चित्र असतं आणि ते दुसरीकडे कुठे छापलेलं नसतं. आणि इन्चार्ज सिस्टरना निकाल दाखवला तर वॉर्डात बदलही होतो. आमच्याकडे एका ग्रुपने सिझेरियननंतरच्या पहिल्या स्तनपानाला किती वेळ लागतो एवढंच मोजलं होतं, बाळ जन्मल्यापासून एक तासात पाजावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रत्यक्षात काय होतं ते त्यांनी घड्याळ लावून लिहिलं. त्या ग्रुपमधली एक मुलगी वर्गात कधी बोलायची नाही, तीच सगळ्यात जास्त लिहायची, कारण तिला उत्तर खरंच हवं होतं.

मुलं म्हणतात आमचं काम लहान आहे, दोनच गावांचं आहे, कोण छापणार. त्यांना गडचिरोलीचं सांगा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली, 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि तो पेपर 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोन गावं! प्रश्न असा होता जो तोवर कोणी विचारलाच नव्हता. पुढे 1999 मध्ये तिथलाच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास आला, त्यात घरोघरी जाऊन नोंदी ठेवणाऱ्या गावातल्याच बायका होत्या. आपल्या मुली तर चार वर्षं शिकलेल्या असतात. आणि आकड्यांचं काम नर्सचं नाही असं कोणाला वाटत असेल तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1858 साली क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे जे चित्ररूप तक्ते छापले ते वर्गात दाखवा, जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या आजारांनी जास्त सैनिक मेले हे तिने त्यातून सरकारला दाखवून दिलं.

आता परवानगी. इथे चांगले चांगले पेपर मरतात. एथिक्स कमिटीचं पत्र डेटा गोळा करायच्या आधीचं पाहिजे, नंतर मिळत नाही आणि मागच्या तारखेचं तर मागूच नका. जर्नल पत्राचा नंबर आणि तारीख विचारतं. "आमची नुसती प्रश्नावली आहे, आम्हाला लागत नाही" असं आपण ठरवायचं नाही, सूट द्यायची की लवकर बघून द्यायचं हे कमिटी ठरवते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. कॉलेजची स्वतःची कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीशी करार करून तिथून मंजुरी घेता येते, हे काम मॅनेजमेंटकडून वर्षाच्या सुरुवातीला करून घ्या, ग्रुपनी एकेकटं फिरायचं नाही. पेशंटवर काही इंटरव्हेन्शन करणार असाल, अगदी कोमट पाण्याचा शेक किंवा ब्रीदिंग एक्सरसाइज असला तरी, तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी करा. ती फुकट आहे, ऑनलाइन आहे, थोडी किचकट आहे पण होते. 2018 पासून अभ्यास सुरू झाल्यावर नोंदणी करून देत नाहीत. केस रिपोर्टला पेशंटची लेखी संमती, त्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत. मुलांनी मोबाईलवर काढलेले जखमेचे फोटो संमतीशिवाय कुठेही वापरायचे नाहीत, फोनमध्येही ठेवायचे नाहीत. आणि दुसऱ्याचं स्केल वापरलं तर त्याची परवानगी घ्या, ईमेल केला की बरेचसे लेखक आनंदाने देतात.

इंग्रजीचं काय ते सांगते. मुलांना "पेपर लिहून आणा" असं सांगितलं की ती घाबरून जुन्या थीसिसमधून उचलतात, मग प्लेजरिझम (दुसऱ्याचा मजकूर उचलणं) निघतं, मग आपण ओरडतो. मी आधी त्यांना समोर बसवते आणि मराठीत बोलायला लावते: काय बघितलंत, का बघावंसं वाटलं, कसं बघितलंत, काय सापडलं, मग आता काय करायला पाहिजे. एक जण बोलते, दुसरी फोनवर रेकॉर्ड करते, मग तेच कागदावर उतरवायचं. पाच प्रश्नांची पाच उत्तरं म्हणजे पेपरचा सांगाडा झाला. मग इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत. ऐंशी पानी प्रोजेक्टचे अडीच-तीन हजार शब्द करायचे असतात आणि यात सगळ्यात जास्त काय जातं तर रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क आणि व्याख्या. मुलांना ते फार जिवावर येतं कारण त्यावरच त्यांनी रात्री जागवलेल्या असतात. त्यांना सांगा की ते शिकण्यासाठी होतं, वाया गेलेलं नाही.

लिहिताना सुरुवात टेबलपासून करा. आधी दोन किंवा तीन टेबल पक्के करायचे, मग मेथड लिहायची कारण ती घडलेली गोष्ट आहे, मग रिझल्ट, मग डिस्कशन, आणि इंट्रोडक्शन शेवटी. निरीक्षणाच्या अभ्यासाला स्ट्रोबची 22 मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, केस रिपोर्टला केअर आहे, मुलाखतींच्या अभ्यासाला कोरेक आहे, सगळ्या इंटरनेटवर फुकट मिळतात. विद्यार्थ्याच्या हातात चेकलिस्ट दिली की "मॅडमला आवडेल का" हा प्रश्न जातो आणि "हा मुद्दा आलाय का" असा प्रश्न येतो, मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. रेफरन्स जमवायला आणि लावायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरायला लावा.

चॅटजीपीटी वगैरे मुलं वापरणारच. मी मनाई करत नाही, पण तीन गोष्टी सांगते. इंग्रजी सुधारायला वापरलं तर जर्नलला तसं कळवायचं. ते लेखक म्हणून लावता येत नाही. आणि त्याने दिलेला एकही रेफरन्स मूळ पेपर उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, कारण ते अस्तित्वात नसलेले पेपर अगदी खरे वाटतील असे देतं. पेशंटची माहिती त्यात टाकायची नाही हे वेगळं सांगायला नको, तरी मी सांगतेच.

लेखकांच्या नावावरून जी भांडणं होतात ती टाळायची असतील तर सायनॉप्सिसच्या (प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या आराखड्याच्या) वेळीच लिहून ठेवा. लेखक कोणाला म्हणायचं यासाठी आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) चार अटी आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा नीट तपासण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही पाहिजेत. नुसतं परवानगी पत्रावर सही केली म्हणून कोणी लेखक होत नाही, मग ते कुठल्याही खुर्चीवर असोत, त्यांचे आभार मानता येतात आणि मनापासून मानावेत. प्राचार्यांना हे सांगणं ट्यूटरला जड जातं हे मला माहीत आहे. एकटीने तोंडी सांगण्यापेक्षा कॉलेजच्या रिसर्च कमिटीत या अटी ठराव म्हणून मंजूर करून घ्या, मग ते कोणा व्यक्तीविरुद्ध राहत नाही. विद्यार्थ्यांचं काम असेल तर पहिलं नाव विद्यार्थ्याचं. गाईडचं नाव शेवटी, तेही काम केलं असेल तर. मुलीने वर्षभर राबायचं आणि तिचं नाव चौथं लागायचं, असं एकदा झालं की त्या कॉलेजात पुढची बॅच मनापासून लिहीत नाही. मला या विषयात अजिबात तडजोड करावीशी वाटत नाही.

आता ते तीन दिवसांचे मेसेज. त्यांना उत्तर देऊ नका, मुलांनाही देऊ देऊ नका. खऱ्या जर्नलमध्ये दोन-तीन परीक्षक पेपर वाचतात, त्याला महिने लागतात. तपासायचं कसं? पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) आहोत असं जर्नल म्हणत असेल तर त्यांच्या वेबसाइटवर विश्वास न ठेवता पबमेडवर जाऊन शोधा. ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, असेल तर डीओएजे या अशा जर्नलच्या सूचीत नाव आहे का बघा. त्यांचे जुने दोन पेपर उघडून वाचा, त्यातच कळतं कोणी तपासलंय की नाही. संपादक मंडळातल्या एका माणसाचं नाव त्याच्या संस्थेच्या वेबसाइटवर शोधा. फी कधी आणि किती ते आधी स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नुसता आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असणं म्हणजे दर्जा नाही, तो कोणालाही मिळतो. पूर्वी यूजीसी-केअरची (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलची) यादी बघून काम भागायचं, फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता ही तपासणी कॉलेजलाच करावी लागते. आणि मुलांना हे नक्की समजावा की एकदा अशा ठिकाणी छापून आलं की तोच पेपर चांगल्या जर्नलला देता येत नाही, काम कायमचं अडकतं. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणंही चालत नाही.

पैशाबद्दल, विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून फी भरू नका. लेखकाकडून काही न घेणारी चांगली जर्नल आहेत, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचं नर्सिंग जर्नल 1910 पासून निघतंय, मुलांना त्याचा एखादा अंक हातात द्या, स्टुडंट नर्सेस असोसिएशनच्या कार्यक्रमांत पोस्टर आणि पेपर मांडायला पाठवा. उभं राहून आठ मिनिटं बोललेली मुलगी परत येऊन लिहायला बसते, हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलंय.

"मार्क आहेत का?" याला सरळ उत्तर द्या, नाहीत. स्टाफ नर्सच्या भरतीतही याचा फारसा फायदा नाही, उगाच आशा दाखवू नका. पुढे शिकवायचं असेल, पीएच.डी. करायची असेल तर उपयोग आहे. बाकीच्यांना मी सांगते की तुम्ही जे वॉर्डात बघितलं ते लिहिलं नाही तर ते घडलंच नाही असं होईल, आणि पुढची पेशंट तोच त्रास भोगेल. मुलांना हे पटतं, आपण समजतो त्यापेक्षा जास्त पटतं.

पेपर परत येईल हे पाठवायच्या आधीच सांगा. नकाराचा ईमेल आला की मी तो ग्रुपसोबत बसून वाचते, परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा फळ्यावर लिहायचा, बरोबर आहे का ठरवायचं, बदल करायचा किंवा का करत नाही ते नम्रपणे लिहायचं. मुलींना एकटीने तो ईमेल वाचू देऊ नका, पहिल्याच नकाराला बऱ्याच जणी कायमच्या सोडून देतात. आणि सगळ्यांचे स्वतःचे ईमेल आयडी घेऊन ठेवा, कॉलेजचे नको, कारण उत्तर येईपर्यंत त्या पास होऊन कुठल्या कुठे गेलेल्या असतात. पहिला मसुदा इंटर्नशिप संपायच्या आधी तयार पाहिजे, त्यानंतर कोणी सापडत नाही.

राहिला तुमच्या कपाटातल्या जुन्या बाइंडिंगचा प्रश्न. सगळी काढून बसू नका. आधी तीन गोष्टी बघा: एथिक्सचं पत्र डेटाच्या आधीचं आहे का, मूळ डेटाशीट कोणाकडे तरी आहे का, आणि ग्रुपमधल्या निदान दोघी-तिघी फोनवर मिळतात का. तिन्ही असतील ते बाजूला काढा, त्यातला ज्याचा विषय तुम्हाला स्वतःला वाचावासा वाटतो तो एक निवडा, आणि त्या मुलींना फोन करून त्यांची परवानगी घ्या, कारण काम त्यांचं आहे. पत्र नसेल तर तो प्रोजेक्ट छापता येणार नाही, पण त्यातला प्रश्न चांगला असेल तर यंदाच्या ग्रुपला तो नव्याने, परवानगी घेऊन करायला देता येईल. यंदाचे विषय ठरले असतील तर इथेच कळवा, कुठला विषय पुढे नेता येईल ते बघून सांगते.